घरात कुणाला ताप आला तर: कधी थांबायचं, औषध कसं द्यायचं, कधी निघायचं

ताप आला की घरातला पहिला प्रश्न असतो, “किती आहे?” आणि दुसरा, “कोणती गोळी देऊ?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण घरी थांबायचं की डॉक्टरकडे निघायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रश्नात असतं: ताप आलेलं माणूस एरवीच्या मानाने कसं आहे? १०३ ताप असताना औषधाने थोडा उतार पडला की उठून बसणारं, पाणी मागणारं, खेळण्याकडे हात नेणारं मूल आणि १०० ताप असताना हाक मारूनही नीट डोळे न उघडणारं मूल, यांत दुसऱ्याला ताबडतोब डॉक्टरची गरज आहे. पुढचं सगळं वाचताना हे मनात असू द्या. आकडा लागतोच, पण निर्णय एकट्या आकड्यावर घ्यायचा नसतो.

आधी हे बघा: थांबायची मुभा कुणाला नाही

काही माणसांच्या बाबतीत ‘दोन दिवस बघू’ हा पर्यायच नसतो. त्यांचा विचार थर्मामीटर हातात घेतानाच करायचा.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ यात सगळ्यात पहिलं. एवढ्या लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर बाळ हसत-खेळत असलं तरी त्याच वेळी डॉक्टरकडे न्यायचं. काखेत मोजला असेल तर ३७.५ (९९.५ फॅ.) पासूनच निघा, कारण काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमी येतो. या वयात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणातला जंतुसंसर्गही सुरुवातीला नुसत्या तापानेच दिसू शकतो. उलट दिशेलाही लक्ष हवं. नवजात बाळाचं अंग गार लागत असेल आणि तापमान ३५.५ (९५.९ फॅ.) च्या खाली असेल, तर तेही तितकंच गंभीर. या बाळांना घरच्या घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. लस दिल्यावर ताप आला असला तरी आधी डॉक्टरांना विचारा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ (१०२.२ फॅ.) च्या वर ताप गेला तर त्याच दिवशी दाखवा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, नुसताच ताप आहे आणि तो चोवीस तासांनीही टिकून आहे, तर लघवीची तपासणी करून घ्यावी लागते. बाळाला लघवीत जळजळ होते हे सांगता येत नाही, त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग नुसत्या तापाच्या रूपातच समोर येतो आणि घरात तो सहज नजरेआड राहतो.

मोठ्यांमध्ये केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, रोज स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, प्लीहा काढलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि गरोदर बायका, या सगळ्यांनी पहिल्या तापालाच डॉक्टरांशी बोलायचं. केमोथेरपी चालू असताना ३८ ताप ही रात्री दोन वाजताही रुग्णालयात जाण्याची गोष्ट आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि घरातले वृद्ध. म्हातारपणी शरीर ताप चढवायलाच कमी पडतं. न्यूमोनिया झालेल्या वृद्ध माणसाचा ताप १०० च्या खालीही राहू शकतो. त्यांच्यात बघायचं ते वेगळं: अचानक असंबद्ध बोलणं, दिवसभर झोपून राहणं, जेवण सोडणं, तोल जाऊन पडणं. नेहमीच्या तापमानापेक्षा एक अंश सेल्सिअसची वाढसुद्धा त्यांच्यासाठी ताप समजा.

ही लक्षणं दिसली तर लगेच निघा

वय काहीही असो, ताप कितीही कमी असो, यातलं एकही दिसलं तर पुढचा लेख वाचत बसू नका:

- नीट जागं न होणं, माणसं न ओळखणं, बरळणं, बाळाचं अंग एकदम सैल पडणं किंवा कशानेही न थांबणारं रडणं
- श्वास लागणं, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं
- मान आखडणं, असह्य डोकेदुखी, उजेड सहन न होणं
- दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके
- आकडी येणं
- पोटात सतत जोराचं दुखणं, उलट्या न थांबणं, नाकातून, हिरड्यांतून, उलटीतून किंवा शौचातून रक्त जाणं
- हातपाय गार आणि कातडी फिकी, ठिपकेदार पडणं
- आठ तासांत लघवी न होणं

ठिपक्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. पारदर्शक काचेचा पेला त्या जागी घट्ट दाबा आणि काचेतून बघा. साधं पुरळ दाबाखाली फिकं पडतं. ठिपके तसेच दिसत राहिले तर तो कातडीखाली झालेला रक्तस्राव आहे आणि त्यात मेनिंगोकोकससारखा जीवघेणा संसर्ग असू शकतो. काळ्या-सावळ्या कातडीवर ठिपके चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पोट आणि खालच्या पापणीची आतली बाजूही बघा.

श्वास मोजायची सवय मात्र प्रत्येक आईवडिलांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, असे आकडे आले तर श्वास जलद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी हेच आकडे ठरवून दिले आहेत. चढत्या तापातही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही वाढलेलाच असेल तर त्याच दिवशी दाखवा. छाती आत ओढली जात असेल तर पुन्हा मोजायलाही थांबू नका.

ताप नीट मोजा

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर घरात असेल तर तो वापरणं थांबवा. फुटला तर पाऱ्याची वाफ घातक असते, आणि त्यामुळेच पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने २०२० नंतर अशा थर्मामीटरचं उत्पादन बंद करायचं ठरवलं.

मोठी माणसं आणि चार-पाच वर्षांवरची मुलं यांचा ताप जिभेखाली मोजा. गरम किंवा थंड काही प्यायलं असेल तर अर्धा तास थांबा. टोक जिभेखाली मागच्या बाजूला, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. लहान मुलांमध्ये काख कोरडी करा, टोक काखेच्या मधोमध ठेवा आणि हात अंगाशी धरून ठेवा, बीप वाजेपर्यंत. कानाचा थर्मामीटर सहा महिन्यांच्या आत वापरू नका. कपाळासमोर धरायचं यंत्र गर्दीत झटपट चाळणी लावायला ठीक, पण त्याच्या आकड्यावर औषधाचा निर्णय घेण्याआधी एकदा काखेत किंवा जिभेखाली मोजा.

आता आकड्यांचा अर्थ. जिभेखाली ३७.८ (१०० फॅ.), काखेत साधारण ३७.५ (९९.५ फॅ.) आणि गुदमार्गात ३८ (१००.४ फॅ.) यांच्या वर गेलं की ताप म्हणायचा. काखेतल्या आकड्यात मनाने एक अंश मिळवून सांगण्यापेक्षा “काखेत १०१” असं मोजलेलं जसंच्या तसं सांगा, डॉक्टरांना त्याचा जास्त उपयोग होतो. निरोगी माणसाचं तापमानही दिवसभर सारखं नसतं. पहाटे ते सगळ्यात कमी आणि संध्याकाळी चारच्या पुढे सगळ्यात जास्त असतं, दोन्हींत अर्ध्या अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. म्हणून ‘सकाळी बरा होता, संध्याकाळी पुन्हा चढला’ याचा अर्थ आजार बळावला असाच होत नाही.

ताप चढताना शरीरात काय चाललेलं असतं

हे समजून घेतलं की निम्मी भीती जाते, म्हणून थोडं थांबतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचं तापमान किती ठेवायचं ते ठरवतो. जंतू शिरले की प्रतिकार करणाऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यातून मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ठरलेली पातळी वर सरकते. शरीर ३७ वर आणि हुकूम ३९ चा, म्हणून माणसाला थंडी वाजते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. हा ताप चढण्याचा काळ. पुढे पातळी खाली आली की उलटा प्रकार होतो, घाम सुटतो आणि अंग गार होतं.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. म्हणजे ती आजार बरा करत नाहीत, तापाची पातळी खाली आणतात आणि दुखणं कमी करतात. संसर्गाचा ताप स्वतःहून ४१ (१०५.८ फॅ.) च्या वर क्वचितच जातो. ‘ताप मेंदूत जातो’ ही भीती फार घरांत असते. मेंदूला इजा होण्याचं तापमान साधारण ४२ अंशांच्या पुढचं, आणि तिथे संसर्गाचा ताप सहसा पोहोचत नाही.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. कडक उन्हात, कोंदट गरम जागेत किंवा बंद गाडीत राहून अंग तापलं असेल आणि माणूस गोंधळलेला, बेशुद्ध होत असेल, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. इथे मेंदूने पातळी वाढवलेलीच नसते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही. सावलीत आणा, कपडे काढा, थंड पाणी भरपूर ओता, वारा घाला, आणि हे चालू ठेवूनच रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

औषध द्यायचं का, आणि किती

ताप आहे म्हणून औषध द्यायचं, असं नाही. त्रास होतोय म्हणून द्यायचं. १०१ ताप असलेलं मूल खेळत असेल, पीत असेल तर औषधाशिवाय चालतं. १००.५ ताप आहे पण अंग मोडून आलंय, डोकं फुटतंय, पाणी जात नाहीये, तर द्या. झोपलेल्या मुलाला नुसतं तापाचं औषध द्यायला उठवू नका, झोप त्याला जास्त हवी आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांत मात्र ताप लवकर उतरवलेला बरा, कारण तापात हृदयावरचा भार वाढतो.

पहिलं औषध पॅरासिटामॉल. मोठ्यांना एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तास, शक्यतो सहा. चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, पण अनेक दिवस घ्यायचं असेल तर ३ ग्रॅमच्या आत राहिलेलं चांगलं. ६५० ची गोळी असेल तर चार गोळ्यांत २.६ ग्रॅम होतात. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू होत असेल किंवा बरेच दिवस अन्न गेलं नसेल, तर मर्यादा बरीच खाली येते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

मुलांचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा. आणि इथे घराघरांत होणारी एक चूक फार धोकादायक आहे: ‘एक चमचा’ किंवा ‘पाच एमएल’ एवढंच लक्षात ठेवणं. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. बारा किलोच्या मुलाचं उदाहरण घ्या. १५ ने गुणलं तर त्याला एका वेळी १८० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं.

५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून हे ७.५ मिलिलिटर होतात.
५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ३.६ मिलिलिटर.
१ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांतून फक्त १.८ मिलिलिटर.

पहिल्या बाटलीचं माप लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून ७.५ मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम गेले, मर्यादेच्या चौपटीहून जास्त. म्हणून प्रत्येक नवीन बाटली आली की लेबल वाचा, मात्रा पुन्हा काढा आणि मिलिलिटरमध्ये बाटलीवरच लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, सोबत आलेली पिचकारी किंवा मापाचं झाकण वापरा. औषध आजीने दिलंय की बाबांनी, याचा गोंधळ होऊ नये म्हणून देणाऱ्याने वेळ लगेच लिहायची.

दुसरा सापळा म्हणजे सर्दीच्या गोळ्या. सर्दी-खोकल्याच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यावर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. जास्त पॅरासिटामॉलने यकृत निकामी होऊ शकतं, आणि पहिला दिवसभर माणसाला फारसं काही जाणवतही नाही. त्यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत सगळ्यात जास्त परिणामकारक असतो. म्हणून मात्रा जास्त गेल्याचा नुसता संशय असला तरी त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या.

आयबुप्रोफेन हे दुसऱ्या क्रमांकाचं औषध. सहा महिन्यांच्या वरच्या मुलांना दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, काही खाल्ल्यावर. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडाच्या आजारात, पोटात अल्सर असताना, कांजिण्यांत आणि गरोदरपणात ते घरच्या घरी देऊ नका. डेंग्यूची शंका असेल तिथे आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड यांतलं काहीही नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ॲस्पिरिन तर सोळा वर्षांखालच्या कुणालाही तापासाठी द्यायचंच नाही. विषाणूच्या तापात दिलेल्या ॲस्पिरिनमुळे मुलांत रेज सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा आजार होऊ शकतो.

दोन औषधं आलटून-पालटून देण्याची पद्धत मला घरासाठी पसंत नाही. ताप थोडा जास्त वेळ खाली राहतो हे खरं, पण रात्री तीन वाजता कुठलं कधी दिलं हे विसरतं आणि मात्रा चुकते. एकच औषध नीट द्या.

औषध दिल्यावर अर्धा ते एक तास लागतो आणि ताप साधारण एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरतो. म्हणजे १०४ चा १०२ झाला तर औषधाने आपलं काम केलं आहे. ते पूर्ण नॉर्मलवर यायलाच हवं असं नाही. आणि औषधाने ताप लवकर उतरला म्हणजे आजार साधा, नाही उतरला म्हणजे गंभीर, असाही नियम नाही. औषध दिल्यावर तासाभराने बघायचं ते माणसाकडे. डोळ्यांत थोडी टवटवी आली का, पाणी प्यायलं का, नीट बोललं का? ताप उतरूनही माणूस तसंच मलूल असेल, तर तीच डॉक्टरकडे जायची वेळ.

पाणी

तापात त्वचेतून आणि श्वासातून पाणी जास्त जातं, आणि नेमकी तेव्हाच तहान मरते. एकदम पेलाभर पाजायला गेलं तर उलटी होते. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-चार घोट, जे आवडेल ते पातळ, असं दिवसभर चालू ठेवा. पाणी पुरतंय का हे लघवी सांगते. फिकी आणि चार-सहा तासांनी होतेय तर ठीक. गडद पिवळी, थोडी, फार वेळाने होत असेल तर वाढवा. रडताना अश्रू न येणं, तोंड कोरडं, डोळे खोल, बाळाची टाळू खोल गेलेली, ही पाणी बरंच कमी झाल्याची चिन्हं.

उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस द्या. पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या पेल्यात घातलं तर क्षार जास्त होतात आणि बाळाला अपाय होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध पुन्हा पुन्हा द्या. जेवणाची जबरदस्ती करू नका. दोन-तीन दिवस कमी खाल्लं तर चालतं, पाणी कमी चालत नाही.

जो पिऊ शकतो त्याला सलाईनची गरज नसते, आणि जो गोळी गिळू शकतो त्याला तापाचं इंजेक्शन घेऊन जास्त बरं वाटत नाही.

कपडे, पट्ट्या, आंघोळ

थंडी वाजत असेल तोवर हलकं पांघरूण द्या, वाजायची थांबली की काढा. गोधड्यांत गुंडाळून घाम काढू नका, त्याने ताप वाढतो, बाळांमध्ये धोकादायकही होतं. सुती एक थर, खोलीत हवा खेळती.

ओल्या पट्ट्यांनी बरं वाटत असेल तर कोमट पाण्याच्या ठेवा, औषध दिल्यावर. हुडहुडी भरली असताना अंग पुसलं तर शरीर अजून कुडकुडून ताप वर नेतं. बर्फ, बर्फाचं पाणी आणि स्पिरिट तर नाहीच. स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जाऊन मुलांना विषबाधा झाली आहे. आंघोळ कोमट पाण्याने चालते.

एका कागदावर लिहा

तापाच्या घरात थर्मामीटरनंतर सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती, तर कागद आणि पेन. वेळ, तापमान, कुठे मोजलं, कोणतं औषध किती मिलिग्रॅम, लघवी कधी झाली, उलटी-जुलाब, आणि एका शब्दात माणूस कसं आहे. दर चार तासांनी पुरे. दर पंधरा मिनिटांनी ताप मोजून हाती काही लागत नाही, घाबरटपणा मात्र वाढतो. रात्री दोनदा उठून बघा: श्वास कसा चाललाय, हलवल्यावर नीट प्रतिसाद देतोय का, अंगावर ठिपके आलेत का.

दिवस मोजा

विषाणूचे बहुतेक ताप तीन ते पाच दिवसांत जातात. मोठ्या माणसाला ३९.४ (१०३ फॅ.) च्या वर ताप जात राहिला किंवा तीन दिवसांनंतरही टिकला, तर दाखवा. मुलांतही तीन दिवस ही मर्यादा ठेवा. पाच दिवसांच्या पुढे मुलाचा ताप कधीही घरी सांभाळू नका. सोबत डोळे लाल, ओठ फुटलेले आणि लालभडक, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले असतील तर कावासाकी आजाराची शंका येते. त्यात हृदयाच्या धमन्यांना इजा होते आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार झाले तर ती बरीचशी टळते.

ताप गेला, एक-दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा ताप चढला, खोकला वाढला, तर आधीच्या संसर्गावर दुसरा जिवाणूंचा संसर्ग झाला असू शकतो. पुन्हा दाखवा.

डासांचा उपद्रव असलेल्या भागात राहत असाल किंवा तिथून नुकतेच आला असाल, तर नियम अधिक कडक. मलेरिया असतो अशा ठिकाणी ताप आला तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी करा. फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया चोवीस तासांतही गंभीर वळण घेऊ शकतो, आणि तिथून परत आल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा ताप येऊ शकतो.

डेंग्यूचं वागणं फसवं आहे, आणि इथे जीव जातात ते ‘ताप उतरला, आता बरं आहे’ म्हणून. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागतं, रक्तदाब पडतो. म्हणून ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचे. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बेचैनी, एकदम गळून जाणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता रुग्णालय. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ ही रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम.

पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल आणि पोटऱ्या दुखून, डोळे लाल होऊन ताप आला असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचा, विचार व्हायला हवा. त्याचं औषध लवकर सुरू झालं तर फायदा होतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पाण्याची गोष्ट त्यांना सांगा.

तापात आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या साधारण शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत थांबतात आणि साध्या तापाच्या आकडीने मेंदूला इजा होत नाही.

मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, जवळची टणक वस्तू बाजूला करा, गळ्याजवळचा कपडा सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली, पुन्हा आली, एकाच बाजूचे हातपाय झटकत असतील किंवा थांबल्यावर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, तर रुग्णवाहिका. लगेच थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. ताप वेळेवर उतरवला असता तर आकडी आली नसती, असं स्वतःला लावून घेऊ नका. तापाच्या औषधाने अशी आकडी टळत नाही, हे अभ्यासांत दिसून आलं आहे.

घरातली उरलेली औषधं

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. विषाणूंवर ती चालत नाही, आणि जिवाणूंचा संसर्ग असेल तर दोन-तीन गोळ्यांनी तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं, आजार मात्र आत चालू राहतो. स्टेरॉइडची गोळी दिली की ताप चटकन उतरतो आणि माणूस तरतरीत दिसतं. त्यामुळेच ती घातक: आतला संसर्ग झाकला जातो. दात येताना मूल चिडचिडं होतं, अंग किंचित कोमट लागतं, पण ३८ च्या वरच्या तापाला दातांवर ढकलू नका.

डॉक्टरकडे जाताना, आणि नंतर

तो लिहिलेला कागद न्या. त्यासोबत हे सांगा: ताप कधीपासून, थंडी वाजून येतो का, कुठे प्रवास झाला, घरात-शाळेत आणखी कोण आजारी, कोणत्या लसी झाल्यात, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रोजची कोणती औषधं चालू आहेत. वाट्टेल ती तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्यायचा आग्रह धरू नका. टायफॉइडची विडाल तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि त्याने खोटा दिलासा मिळतो. निघताना मात्र एवढं जरूर विचारा: “काय दिसलं तर मी पुन्हा यायचं, आणि किती दिवसांत?”

औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसेल तर मूल शाळेत आणि मोठं माणूस कामावर जाऊ शकतं. थकवा आणखी आठवडाभर राहू शकतो. तोवर धावणं, व्यायाम, जड काम सुरू करू नका, आणि जिना चढताना दम लागत असेल किंवा छातीत धडधडत असेल तर हृदयाची तपासणी करून घ्या.